गहुलीचे मुख्यमंत्री : वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीविषयी एक वाद

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदावर सर्वाधिक काळ राहिलेले वसंतराव फुलसिंग नाईक हे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याचे. ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, त्यांनी राज्याचा कारभार पाहिला, आणि १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यभर कृषी दिन म्हणून पाळला जातो. त्याच यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेल्या तीन दशकांत देशभर घेतले गेले ते मात्र शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. राज्याच्या शेतीला वळण देणारा नेता ज्या मातीतून आला, तीच माती शेतीच्या अरिष्टाची खूण ठरावी, हा केवळ काळाचा योगायोग की त्या कारकिर्दीच्या पोटातच त्याचे कारण दडलेले होते, याविषयी जिल्ह्यात दोन मते आढळतात. येथे ती दोन व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत : एक, कृषी खात्यातून निवृत्त झालेले विस्तार अधिकारी, म्हणजे नवे बियाणे आणि लागवडीची नवी पद्धत शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवण्याचे काम केलेले गृहस्थ, दुसऱ्या, यवतमाळच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका. या दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. त्यांनी मांडलेले दाखले कल्पित नाहीत.

अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, नाईकांचे मोजमाप करायचे तर सुरुवात तांड्यापासून करावी लागते. तांडा म्हणजे बंजारा समाजाची, गावाबाहेर माळावर किंवा डोंगराच्या कुशीत वसलेली वस्ती, आणि नाईक म्हणजे त्या तांड्याचा प्रमुख; राठोड कुळातील फुलसिंगांच्या घराला नाईक हे नाव लागले ते या मानामुळे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर व्यापार करणाऱ्या या समाजाचा धंदा रेल्वे आली तेव्हा बसला, आणि जो समाज पिढ्यान्‌पिढ्या वाटेवर होता तो हलक्या, बरड जमिनीवर शेती करू लागला. १ जुलै १९१३ रोजी गहुली येथे जन्मलेला मुलगा आसपासच्या गावांतल्या शाळा बदलत नागपूरच्या मॉरिस कॉलेजात पोहोचतो, कायद्याची पदवी घेतो, १९४१ च्या सुमारास पुसदला वकिली सुरू करतो आणि त्याच सुमारास नागपूरच्या घाटे या ब्राह्मण कुटुंबातील वत्सलाबाईंशी विवाह करून दोन्हीकडील रोष ओढवून घेतो, हा प्रवास त्या काळात किती अवघड होता, हे आज सहज लक्षात येत नाही. "मॅडम, पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद १९४६ साली, मध्य प्रदेशाच्या विधानसभेत प्रवेश १९५२ साली, आणि लगेच महसूल खात्याचे उपमंत्रिपद," असे ते सांगतात, "एकेक पायरी कामावर चढलेली आहे, वारशावर नव्हे."

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यानंतर गुजरातीभाषक प्रदेशासह असलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे नाईकांनी आपल्या मतदारसंघातून न हलता तीन राज्यांच्या मंत्रिमंडळांत काम केले, आणि महसूल, सहकार व शेती ही खाती हाताळली. शेतजमीन, पतपुरवठा आणि पीक या तिन्ही बाजूंची कागदपत्रे ज्यांच्या टेबलावरून गेली, असे मुख्यमंत्री महाराष्ट्रात फारसे झाले नाहीत.

प्राध्यापिकांना ही पार्श्वभूमी मान्य आहे, परंतु तिचा अर्थ त्या वेगळा लावतात. त्यांच्या मते नाईक मुख्यमंत्री झाले ते त्यांच्यामागे मोठा समाज किंवा मोठा गट होता म्हणून नव्हे, तर नेमका तो नव्हता म्हणून. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या अखेरीस संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यांच्यानंतर आलेले चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच वारले, आणि पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीतून उभ्या राहत असलेल्या बलाढ्य नेतृत्वाला कोणा एकाला वर आणून दुसऱ्याला दुखवायचे नव्हते. "साहेब, अशा वेळी विदर्भाचा, संख्येने लहान समाजातला, सर्वांशी गोड असलेला माणूस सगळ्यांना चालतो, आणि जो सगळ्यांना चालतो त्याला कोणालाही फार दुखवून चालत नाही. अकरा वर्षांचे रहस्य तेच आहे, आणि अकरा वर्षांची मर्यादाही तीच."

ही मांडणी दूरच्या एका उदाहरणाशी ताडून पाहण्यासारखी आहे. मालवण तालुक्यातील वराड हे ज्यांच्या वडिलांचे गाव, ते लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्याआधी त्यांनी वाहतूक, आरोग्य आणि समाजकल्याण ही खाती सांभाळली होती. फाइन गेल या त्यांच्या पक्षाच्या नेतृत्वाच्या निवडणुकीत सामान्य सदस्यांची बहुसंख्य मते प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना मिळाली, वराडकर निवडून आले ते पक्षाच्या लोकप्रतिनिधींच्या मतांना असलेल्या अधिक वजनामुळे. बहुसंख्याकांपेक्षा वेगळ्या मुळाचा माणूस सर्वोच्च पदावर जातो तेव्हा समाजाने त्याला स्वीकारले असे म्हटले जाते, आणि ते खोटे नसते. परंतु त्याला निवडणारा हात बहुतेकदा पक्षाच्या आतला असतो, आणि तो हात पुढे काय करू देतो हा प्रश्न शिल्लक राहतो. दोन्ही देशांतील परिस्थिती अगदी भिन्न असल्याने तुलना याहून पुढे नेण्यात अर्थ नाही.

अधिकारी प्राध्यापिकांचा युक्तिवाद अर्धाच मान्य करतात. दुखवले नाही असे कसे म्हणता येईल, असा त्यांचा प्रतिप्रश्न आहे, आणि त्यासाठी ते जिल्हा परिषदांचा दाखला देतात. महसूलमंत्री असताना नाईकांच्या अध्यक्षतेखाली २७ जून १९६० रोजी लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली गेली. विकेंद्रीकरण म्हणजे राजधानीत एकवटलेले अधिकार आणि पैसा खालच्या पातळीवर निवडून आलेल्या संस्थांकडे सोपवणे. त्यापूर्वी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने विकासगटाला, म्हणजे तालुक्याएवढ्या घटकाला, महत्त्व दिले होते. नाईक समितीने मार्च १९६१ मध्ये दिलेल्या अहवालात २२६ शिफारशी केल्या, आणि त्यात मुख्य भर जिल्हा या घटकावर ठेवला. तज्ज्ञ अभियंता, कृषी अधिकारी, आरोग्य अधिकारी यांचा स्वतंत्र ताफा पोसण्याची कुवत तालुक्यात नसते, जिल्ह्यात असते, हा त्यामागील विचार होता. त्याहून धाडसाची शिफारस अशी की, आमदार आणि खासदार यांना जिल्हा परिषदेत स्थान नसावे, आणि जिल्हाधिकाऱ्यालाही त्या संस्थेपासून दूर ठेवावे. १ मे १९६२ रोजी या संस्था अस्तित्वात आल्या. "स्वतःच्याच पक्षाच्या आमदारांना जिल्ह्याच्या तिजोरीपासून बाजूला ठेवणारा मंत्री कोणाला दुखवत नव्हता असे म्हणायचे का, मॅडम?" हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. प्राध्यापिकांनीही येथे माघार घेतली पाहिजे, आणि त्या घेतात. नाईकांच्या सबंध कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम कोणते, असे विचारल्यास मुख्यमंत्रिपदाआधीचा हा अहवालच पुढे करावा लागेल.

त्याच काळातील एक कायदा, १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा, म्हणजे एका कुटुंबाने किती जमीन बाळगावी याची मर्यादा घालणारा कायदा, याबाबत मात्र दोघांचे फारसे दुमत नाही. बारमाही पाण्याखालच्या जमिनीसाठी मर्यादा १८ एकरांची होती, कोरडवाहू जमिनीसाठी ती कित्येक पटींनी सैल होती, आणि खासगी साखर कारखान्यांच्या ताब्यातील जमिनी सरकारकडे येऊन १९६३ साली त्यांच्यासाठी शेती महामंडळ स्थापन झाले. वऱ्हाडातील मोठ्या कास्तकाराला या कायद्याची झळ फारशी लागली नाही.

वादाचे खरे मैदान शेती हेच आहे. १९६५ आणि १९६६ ही वर्षे अवर्षणाची होती, देश अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्यान्वये, म्हणजे रुपयांत किंमत चुकवून, धान्य आयात करत होता, आणि रेशनच्या दुकानांवर मिळणाऱ्या लाल मिलोची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. अशा वेळी पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर नाईकांनी, राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी, अशा आशयाची घोषणा केली. अधिकारी सांगतात ते असे की, ही घोषणा पोकळ नव्हती. संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे पहिले वाण १९६४ साली प्रसारित झाले होते, आणि मुख्यमंत्र्यांनी ते प्रशासनाचे पहिले काम केले. ग्रामसेवकापासून सचिवापर्यंत प्रत्येकाला किती एकरांवर संकरित पेरा झाला याचा हिशोब द्यावा लागे, विहिरींसाठी कर्ज आणि पंपासाठी वीज यांची मागणी वरून खाली नव्हे तर खालून वर येऊ लागली, आणि सचिवालयात बसून पिकाची रोगराई ओळखू शकणारा मुख्यमंत्री दौऱ्यावर येणार म्हटल्यावर अधिकाऱ्याला शेतात जाऊन यावेच लागे. १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला, १९७२ साली परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे झाली. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये नाईकांचेच नाव देण्यात आले.

प्राध्यापिका या यादीतील दुसऱ्या नावावर बोट ठेवतात. अकोल्याचे विद्यापीठ सहज मिळाले नाही. राज्याचे कृषी विद्यापीठ राहुरीला होणार असे दिसताच विदर्भात मोठे आंदोलन पेटले आणि त्यानंतर अकोल्याला स्वतंत्र विद्यापीठ झाले. मुख्यमंत्री पुसदचे, आणि त्यांच्याविरुद्ध विदर्भाचा आवाज उठवणारे जांबुवंतराव धोटे यवतमाळचे, म्हणजे एकाच जिल्ह्याची दोन टोके समोरासमोर उभी होती. विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्यामुळे सदस्यत्व गमावलेले आणि यवतमाळकरांनी पुन्हा निवडून दिलेले धोटे १९७१ साली वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर नागपुरातून लोकसभेत गेले. "साहेब, विदर्भाला विद्यापीठ हवे असेल तर विदर्भाच्याच मुख्यमंत्र्यासमोर रस्त्यावर उतरावे लागते, याचा अर्थ काय घ्यायचा?" अधिकाऱ्यांचे उत्तर असे की, मुख्यमंत्री संपूर्ण राज्याचा असतो आणि आपल्या जिल्ह्याला झुकते माप देणाऱ्यांची पुढे काय प्रतिमा झाली हे सर्वांनी पाहिले आहे. हे उत्तर नैतिकदृष्ट्या चांगले आहे. प्रश्नाला मात्र ते पुरत नाही, कारण प्रश्न झुकत्या मापाचा नव्हता, सारख्या मापाचा होता.

ज्वारीविषयी प्राध्यापिकांचा आक्षेप अधिक खोल जातो. संकरित ज्वारी उतारा देत होती, पण ती परतीच्या पावसात सापडली की कणसातले दाणे बुरशीने काळे पडत, बाजारात त्यांना भाव नसे, आणि घरची माणसे भाकरीसाठी गावरान ज्वारीच मागत. त्यात सरकारने ज्वारीची खरेदी आपल्या हाती घेतली, शेतकऱ्यावर लेव्ही, म्हणजे ठरलेल्या भावाने ठरलेले धान्य सरकारला देण्याचे बंधन, घातली आणि धान्याच्या जिल्ह्याबाहेरील वाहतुकीवर निर्बंध आणले. स्वयंपूर्णता आली ती मुंबईच्या रेशनकार्डाची, असे त्या म्हणतात, आणि शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० नंतर जे अर्थशास्त्र खेड्यापाड्यांत नेले त्याची बीजे याच खरेदीत होती. आज यवतमाळच्या खरिपात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे. अधिकारी याला दुजोरा देतात, तरी १९६६ साली भुकेल्या शहराचे काय करायला हवे होते, हे टीकाकारांनी सांगावे असेही सुनावतात.

कापसाच्या बाबतीत पारडे उलट फिरते. वऱ्हाडातल्या कास्तकाराची जुनी तक्रार अशी होती की, दिवाळीच्या तोंडावर कापूस घरात येतो, सावकाराचे देणे उभे असते, सगळ्यांचा माल एकदम बाजारात उतरतो, आणि अडत्या भाव पाडतो. यावर उपाय म्हणून १९७१ चा कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. एकाधिकार याचा अर्थ राज्यातील सगळा कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घ्यायचा, खासगी व्यापाऱ्याने नव्हे. शेतकऱ्याला हमी भाव मिळे, सरकी काढून रुई विकल्यावर नफा उरला तर त्यातला वाटा मिळे, आणि गाडी कुठल्या केंद्रावर न्यायची हे त्याला आधीच ठाऊक असे. "पुसद, दारव्हा, उमरखेड, वणी इथल्या संकलन केंद्रांबाहेर रात्र रात्र बैलगाड्यांच्या रांगा लागत, हे खरे," असे अधिकारी म्हणतात, "चुकारे उशिरा होत, ग्रेडरच्या मर्जीवर प्रत ठरे, हेही खरे, पण भाव कोसळेल या भीतीने त्या रांगेतल्या माणसाची झोप उडालेली नसे." पुढे योजनेला तोटा होऊ लागला, शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस रातोरात सीमेपलीकडे जाऊ लागला, आणि २००२ मध्ये खासगी व्यापाराला वाट मोकळी झाल्यावर एकाधिकार नावापुरताही उरला नाही. आत्महत्यांची लाट आणि या योजनेचा ऱ्हास यांचा काळ साधारण एकच आहे, याकडे ते लक्ष वेधतात.

प्राध्यापिका योजनेच्या बाजूने बोलतात, आणि हे अनपेक्षित आहे. खुल्या बाजारपेठेची महती सांगणाऱ्यांनी २००२ नंतरच्या यवतमाळकडे एकदा पाहावे, असे त्यांचे मत आहे. पण त्या एक अट घालतात. हमी भाव पिकाला मिळतो, पाऊस न आलेल्या शेताला नाही. गुजरातेत १९७० साली एच-४ हे संकरित वाण आले आणि त्यानंतर कपाशीचा खर्च वाढत गेला, खते आणि फवारणी यांच्याविना ती उभी राहीना. पाण्याखालच्या जमिनीत हा खर्च निघतो, यवतमाळच्या उतारावरच्या बरड जमिनीत एक पावसाचा खंड तो बुडवतो. भाव, बियाणे आणि कर्ज या तिन्ही गोष्टी नाईकांनी आणल्या, चौथी, म्हणजे पाणी, आणली नाही. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा हिशोब मांडला तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे सरासरीपर्यंत पोहोचण्यासाठी मागास भागांत व्हायला हवा होता पण न झालेला खर्च, तीन हजार कोटी रुपयांवर निघाला, आणि त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता. त्याआधीच्या चोवीस वर्षांपैकी अकरा वर्षे मुख्यमंत्रिपदी विदर्भाचे नाईक होते.

पुसदजवळ पूस नदीवरचे धरण १९७१ साली झाले, हे अधिकारी लगेच सांगतात. त्याचे महत्त्व कमी नाही, पण एका धरणाने युक्तिवाद उलटत नाही, आणि येथे प्राध्यापिकांची सुरुवातीची मांडणी पुन्हा समोर येते. नवी संस्था काढणे, कायदा करणे, खरेदी केंद्र उघडणे यांस शासनाचा आदेश पुरतो. पण कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत ऊस आणि धरणे यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या नेतृत्वाकडून पाटबंधाऱ्यांचा पैसा वळवून विदर्भाकडे नेणे याला पक्षात स्वतःचे सैन्य लागते. नाईकांजवळ ते नव्हते. १९६२ साली आमदारांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवू शकलेले नाईक त्यानंतर साखरपट्ट्याला धरणांच्या प्रश्नावर थांबवू शकले नाहीत, ही विसंगती वाटते तेवढी विचित्र नाही. पहिल्या वेळी यशवंतराव चव्हाणांचे सरकार आणि त्यांचा भक्कम पाठिंबा मागे होता, दुसऱ्या वेळी नाईक स्वतःच पक्षातील गटांच्या समतोलावर तरलेले होते. १९७५ साली दिल्लीने कौल बदलताच त्यांना पद सोडावे लागले आणि त्यांच्यासाठी राज्यात कुठेही उठाव झाला नाही, हीच त्या समतोलाची साक्ष. १९७७ साली ते वाशीममधून लोकसभेत गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वारले.

मुंबईचा कारभार, सिडकोची १९७० मधील स्थापना, शिवसेनेला त्यांनी दिलेली सूट आणि त्यावरून झालेली वसंतसेना ही थट्टा, हे सारे त्यांच्या चरित्रात महत्त्वाचे असले तरी यवतमाळच्या दृष्टीने बाजूचे आहे. १९७२ च्या दुष्काळाचे तसे नाही. वि. स. पागे यांनी १९६५ पासून तासगाव भागात आजमावलेली कल्पना, की जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे, ती नाईकांच्या सरकारने राज्यभर लागू केली. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. दुष्काळ त्या शतकातल्या सर्वांत वाईटांपैकी एक होता, तरी भूकबळींचा डोंगर झाला नाही. श्रेय कल्पनेचे पागे यांना, आणि यंत्रणा दहा वर्षे आधीच तालुक्यापर्यंत नेऊन ठेवल्याचे नाईकांना द्यावे, यावर दोघांचे एकमत आहे.

मतभेद उरतो तो पुढच्या कथेवर. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण गावच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी एकत्र जीवन संपवले. तो तालुका पुसदला लागून आहे. वीस वर्षांनी, नाईकांच्या जयंतीच्याच आठवड्यात, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, तर राज्य सरकारने अमरावतीत उघडलेल्या मदतकार्यालयाला वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशन हे नाव दिले. या नावात प्राध्यापिकांना उपरोध दिसतो, अधिकाऱ्यांना कृतज्ञता.

पाण्याच्या प्रश्नाला नाईकांच्या घरातून एक उत्तर आले, हे मात्र दोघेही नोंदवतात. पुतणे सुधाकरराव नाईक जून १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले, आणि मुंबईच्या दंगलींनंतर १९९३ च्या आरंभी त्यांना जावे लागले. पण मधल्या काळात, १९९२ साली, त्यांनी जलसंधारणाचे स्वतंत्र खाते काढले. जलसंधारण म्हणजे पडलेले पाणी त्याच पाणलोटात नालाबांध, पाझर तलाव आणि समतल चरांनी अडवणे आणि जिरवणे. "काकांना मोठी धरणे मिळवता आली नाहीत, म्हणून पुतण्याने लहान बांध निवडले, असेच ना?" असे प्राध्यापिका विचारतात. अधिकारी हसून म्हणतात की, मोठ्या धरणाला मंत्रिमंडळात बहुमत लागते, नालाबांधाला जिल्हा परिषदेचा शाखा अभियंता पुरतो, आणि तो अभियंता जिल्ह्याला वसंतरावांच्या अहवालामुळेच मिळाला होता. त्यावर प्राध्यापिका एवढेच दाखवून देतात की, २०२२ साली मुदत संपल्यावर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे निवडणुकीविना प्रशासकांच्या हाती राहिल्या, आणि त्या काळात कुठल्या नाल्यावर बांध घालायचा हे यवतमाळातही निवडून आलेल्या कोणी ठरवले नाही.